ना दार, ना छप्पर, ना चिलखत: मग सैन्याला ही बग्गी हवीच कशाला?

२०२५ च्या २६ जानेवारीला आमच्याकडे नेहमीसारखं टीव्हीसमोर पोहे आणि परेड चालू होतं. भीष्म रणगाडा गेला, बीएमपी ही चिलखती गाडी गेली, मिसाइलवाले गेले, आणि मग एक बारकीशी उघडी गाडी आली, निवेदक म्हणाला ‘चेतक’. बाबा एकदम खूश, आपली पण होती चेतक, बुकिंग करून आठ वर्षं थांबलेलो आणि मग डिकी उघडून उघडून दाखवलेली सगळ्या चाळीला, वगैरे. भाचा म्हणाला हे तर गो-कार्टिंगचं आहे. आई म्हणाली अरे याला दारं पण नाहीत, कुणी समोरून गोळी मारली तर काय करायचं या मुलांनी? आणि बाबांनी शेवटचा प्रश्न विचारला, याला स्टेपनी कुठंय?

हसण्यावारी गेलं सगळं, पण आईचा प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण तो बरोबरच आहे. एकीकडे पन्नास-साठ टनांचे रणगाडे बनवतात आणि दुसरीकडे तेच सैन्य पाइपाच्या पिंजऱ्याला चार चाकं लावून त्यात जवान बसवतं, याला काहीतरी हिशोब असणारच ना. तो हिशोब मला जसा कळला तसा इथे मांडतो. बहुतेक गोष्टी वाळवंटातल्या आहेत कारण ही गाडी खरी तिथलीच.

आधी बग्गी म्हणजे नक्की काय

बग्गी म्हटलं की आपल्याला लग्नातली घोड्याची आठवते. ही ती नव्हे. लोखंडी पाइप वाकवून, वेल्डिंग मारून एक पिंजरा करतात, त्याला रोल केज म्हणतात, म्हणजे गाडीने कोलांटी मारली तरी आतल्या माणसाचं डोकं चेपत नाही. साध्या गाडीत चेसिस, त्यावर पत्रा, त्यात काचा, दारं, एसी, कार्पेट असं सगळं असतं. इथे पिंजरा हीच चेसिस आणि पिंजरा हीच बॉडी. त्यात सीटा, मागे इंजिन, चार जाडजूड चाकं आणि लांब दांड्याचे शॉकअब, म्हणजे खड्ड्यात चाक फूटभर खाली-वर झालं तरी गाडी आपली सरळ. संपली गाडी.

हिचा जन्म सैन्यात नाही झाला, कॅलिफोर्नियात समुद्रावर मजा मारणाऱ्या पोरांच्यात झाला. १९६४ मध्ये ब्रूस मायर्स नावाच्या माणसाने फोक्सवॅगन बीटलचं इंजिन नि बाकीचे भाग घेऊन वर फायबरचं हलकं टब बसवलं. बीटलच का, तर तिचं इंजिन मागे असतं, म्हणजे वजन बरोबर ओढणाऱ्या चाकांवर पडतं आणि चाकं वाळूत जागच्या जागी कमी फिरतात. आणि ते इंजिन हवेवर थंड होतं, म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही, पाणी उकळून गाडी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी करायची भानगड नाही. खरं तर हे जर्मनांना आधीच माहीत होतं, दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत त्यांचा सेनापती रोमेल याच्या फौजेकडे याच बीटलची लष्करी बहीण होती, क्युबेलवॅगन, तेच मागचं इंजिन, तेच हवेचं कूलिंग.

१९६७ पासून मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्निया भागात वाळवंटातून शर्यत सुरू झाली, आणि आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना जो ‘बाजा’ (कॉलेजांची बग्गी बनवून पळवायची स्पर्धा) माहितीय तो शब्द तिथून आला. मी पण होतो कॉलेजच्या बाजा टीममध्ये, माझं काम मुख्यतः ग्राइंडर धरणे आणि शिव्या खाणे. पण एक गोष्ट तिथे हाडात भिनली ती म्हणजे वजन. पाइपाची जाडी अर्धा मिलिमीटर वाढवायची की नाही यावर रात्री दोन वाजता भांडणं व्हायची, कोणीतरी ब्रॅकेटला भोकं पाडून ग्रॅम वाचवायचा, आणि मग पिथमपूरला ट्रॅकवर गिअरबॉक्सनेच जीव टाकला आणि आमचा खराखुरा बाजा वाजला. असो. तर हलकेपणा ही या गाडीची हौस नाही, ती आहेच त्याच्यासाठी.

वाळू गाडी गिळते कशी

कोकणात किनाऱ्यावर गाडी नेऊ नये, बंदी असते, तरी मी नेली होती, कळत होतं तरी. वीस फूट गेलो नसेन, पुढची चाकं बसली. मग नेहमीचंच, अजून ॲक्सिलरेटर मारला, अजून बसली, बायको उतरून लांब उभी राहिली (म्हणजे मी ओळखीचा नाही असं दाखवायला), आणि तिकडून भरतीचं पाणी यायला लागलं. एक गावातला पोरगा आला, काही बोलला नाही, उकिडवा बसला, काडीने व्हॉल्व्हची पिन दाबली आणि फुस्स करून हवा सोडायला लागला. चारही चाकांची सोडली, टायर पार पोटावर आले. मग म्हणाला, आता हळू घ्या, रेस देऊ नका. आणि गाडी निघाली हो!

त्याने जे केलं त्यात वाळवंटातल्या गाडीचं निम्मं शास्त्र आहे. टायरमध्ये जेवढा हवेचा दाब, साधारण तेवढाच दाब तो टायर जमिनीवर देतो. आपण पेट्रोल पंपावर ३२ भरून घेतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सव्वादोन किलो. माणसं-सामान धरून २४०० किलोची एसयूव्ही घ्या, एका चाकावर ६०० किलो, भागाकार करा, चाक जमिनीला टेकतं ते साधारण वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या जागेत. आता ९०० किलोची बग्गी, त्यात ४०० किलोची माणसं नि सामान, आणि टायरमध्ये हवा फक्त १५. टेकलेली जागा थोडी जास्तच भरते, पण वाळूवरचा दाब निम्म्याहून कमी. बाया उंच टाचेची चप्पल घालून वाळूत चालतात तेव्हा टाच रुतते आणि तीच बाई अनवाणी चालली की रुतत नाही, तोच प्रकार. उंटाचा पाय बघा कसा पसरट गादीसारखा असतो.

मग एसयूव्हीची पण हवा १५ करा की, असं कोणी म्हणेल. करतात, पण वजन जास्त असलं की टायर इतका चेपतो की रिमपर्यंत जातो, जरा जोरात वळलात की रिमवरून निघून येतो. हलक्या गाडीला ती मुभा जास्त मिळते.

आणि हो, रणगाडा एवढा जड असून वाळूत चालतोच की, हेही खरंय. त्याचा पट्टा लांब-रुंद असतो, त्यामुळे त्याचा जमिनीवरचा दाब चक्क आपल्या कारच्या चाकापेक्षा कमी येतो. पण एकदा का तो बसला की मग बसलाच. १९७१ ला लोंगेवालाला पाकिस्तानचे रणगाडे रात्री मऊ वाळूत अडकत गेले आणि सकाळी जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली तेव्हा ते उघड्यावर सापडले. बग्गी बसली तर चार जण खाली उतरून ढकलतात.

हे सगळं आधी शोधून ठेवलं होतं एका हौशी माणसाने

राल्फ बॅग्नोल्ड. ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, इजिप्तमध्ये पोस्टिंग, आणि सुट्टीत लोक पिरॅमिड बघायला जातात तेव्हा हा फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन मित्रांबरोबर सहारात घुसायचा, नकाशावर जिथे काहीच नाही तिथे. वाळूच्या टेकड्या कशा बनतात, वारा कण कसा उचलतो यावर त्याने इतका अभ्यास केला की मंगळावरच्या टेकड्यांच्या एका पट्ट्याला आज त्याचं नाव आहे, आणि नासाची क्युरिऑसिटी गाडी तिथे फिरून आलीय.

१९४० मध्ये इटली युद्धात उतरली, शेजारचा लिबिया तिच्याच ताब्यात, आणि इजिप्तच्या नैऋत्येला हजारो चौरस मैल वाळवंट मोकळं पडलं होतं, तिकडून कोण येईल काय येईल ब्रिटिशांना पत्ता नाही. तेव्हा बॅग्नोल्डने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. पहिली माणसं बरीचशी न्यूझीलंडची घेतली, शेतकरी, गाड्या खोलून जोडणारी. आणि गाड्या? शेवरलेटचे साधे माल वाहायचे ट्रक, टू व्हील ड्राइव्ह, फोर बाय फोर पण नाही. दारं काढली, काचा काढल्या, छप्पर काढलं.

मला यात सगळ्यात आवडतो तो त्याचा डबा. इंजिन तापलं की रेडिएटरचं पाणी वाफ होऊन बाहेर उडतं, आणि वाळवंटात पाणी उडून जाणं म्हणजे मरणच. बॅग्नोल्डने रेडिएटरच्या तोंडाला एक नळी लावून ती पुढे बांधलेल्या अर्ध्या भरलेल्या डब्यात बुडवली. वाफ त्या पाण्यात जाऊन थंड व्हायची, आणि इंजिन निवलं की रेडिएटरच ते पाणी परत ओढून घ्यायचा. आज तुमच्या गाडीत कूलंटची जी पांढरी बाटली असते ना, कल्पना तीच. चाकं रुतली तर खाली घालायला पोलादी पत्र्याच्या लांब पन्हळी. आणि दिशा बघायला सूर्याचं होकायंत्र, कारण लोखंडाच्या गाडीत चुंबकाची सुई भलतीकडेच बघते. किती वाजले नि सावली कुठे पडली यावरून चालत्या गाडीत दिशा धरायची.

आता हे लोक करायचे काय? लोकांना वाटतं धाडधाड गोळ्या चालवत जायचे. कधी कधी जायचेही, पण त्यांचं सगळ्यात मोलाचं काम होतं मोजणी. १९४२ मध्ये कित्येक महिने ते शत्रूच्या शेकडो मैल मागे, त्रिपोली ते बेनगाझी या मोठ्या रस्त्याच्या कडेला दोन-दोन माणसं पहाटे नेऊन झोपवायचे. ती माणसं दिवसभर उन्हात पालथी पडून रस्त्याने जाणारे ट्रक, तोफा, रणगाडे एक एक मोजून लिहायची, हलायचं नाही, उठायचं नाही, लघवीला पण तिथेच. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढची जोडी. रोमेलला किती कुमक मिळतेय हे कैरोत बसलेल्यांना यावरून कळायचं. हे काम रणगाडा करू शकेल का? त्याचा आवाजच कोसभर जातो.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फार कुणाला माहीत नसते, या ग्रुपबरोबर हिंदी सैनिकांचीही तुकडी होती, इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन, सेकंड लान्सर्स, अकरावी आणि अठरावी कॅव्हलरी या घोडदळाच्या जुन्या रेजिमेंटमधून माणसं निवडून केलेली. घोडदळाच्या परंपरेतली माणसं ट्रकवरून तेच काम करायला लागली.

मग जीप, मग खरी बग्गी

त्याच वाळवंटात डेव्हिड स्टर्लिंगच्या एसएएसने, म्हणजे ब्रिटिशांच्या छापे मारणाऱ्या खास तुकडीने, जीपवर विमानातून काढलेल्या व्हिकर्स मशिनगन बसवल्या आणि जुलै १९४२ च्या शेवटी सिदी हनीश नावाच्या जर्मन विमानतळावर रात्री १८ जीप ओळीत घुसवल्या. पस्तीसच्या वर विमानं गेली. पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परतीच्या वाटेवर स्टुका विमानांनी एका टोळीला गाठलं आणि माणूस गेला. रात्री हल्ला करताना जे साधलं ते दिवसा वरून बघणारा आल्यावर टिकत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे ड्रोनच्या वेळी लागणार आहे.

आपल्याकडचं उदाहरण डिसेंबर १९७१ चं. १० पॅरा कमांडो, नेतृत्व जयपूरचे लेफ्टनंट कर्नल सवाई भवानी सिंह. जीप आणि जोंगा घेऊन थरच्या वाळवंटातून पाकिस्तानच्या हद्दीत सत्तर-ऐंशी किलोमीटर आत जाऊन छाछरोवर छापा. महावीर चक्र मिळालं त्यांना.

आणि शर्यतीची बग्गी खरोखर वर्दीत आली ती १९८० च्या दशकात. कॅलिफोर्नियात चेनोथ नावाची रेसिंग बग्गी बनवणारी कंपनी होती, अमेरिकेच्या सैन्याने तिच्याकडून फास्ट अटॅक व्हेइकल बनवून घेतली. फोक्सवॅगनचं दोन लिटरचं इंजिन, तीन माणसं, रिकामं वजन टनाच्या आत. १९९१ च्या आखाती युद्धात नेव्ही सील्सनी, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या कमांडोंनी, हीच गाडी वाळवंटात पळवली, कुवेत शहरात आधी शिरलेल्या अमेरिकी तुकड्यांत त्या होत्या असं सांगतात, आणि ते फोटो जगभर गेले. फोटोला ती फारच भारी दिसते, आणि माझं मत असं की निम्मा लौकिक त्या फोटोंमुळेच आहे. कारण २००३ ला त्याच सील्सनी इराकच्या अल-फाव द्वीपकल्पात त्या बग्ग्या हेलिकॉप्टरने उतरवल्या, तिथे जमीन तेलाने चिकचिकीत झालेली, आणि मागच्या दोनच चाकांवर ओढणाऱ्या त्या गाड्या बहुतेक सगळ्या रुतून बसल्या. वाळूची राणी, चिखलात म्हैस.

पण गोळी लागली तर? (आईचा प्रश्न)

लागली तर लागली. यात काही गोड बोलायला नको, या गाडीत बसलेल्याला साध्या रायफलच्या गोळीपासूनही आडोसा नाही.

मग पत्रा का नाही ठोकत? गणित करा. आठ मिलिमीटर जाडीच्या पोलादाचा एक चौरस मीटर तुकडा ६३ किलो भरतो. बग्गीला चार बाजूंनी नि खालून मिळून दहा चौरस मीटर लावायचा म्हटलं तर सव्वासहाशे किलो झाले. आणि आजच्या नमुनेदार लष्करी बग्गीची, म्हणजे अमेरिकेच्या एमआरझेडआर गाडीची, एकूण माल वाहायची ताकद साधारण ६८० किलो. म्हणजे चिलखत घातलंत तर माणूस बसवायला जागाच राहिली नाही, रिकामं चिलखत फिरवत बसा! मग इंजिन मोठं घ्या, मग एक्सल मोठे, मग पेट्रोल जास्त, आणि वाढता वाढता गाडी चौदा टनांची होते. ही थट्टा नाही, असंच झालेलं आहे. इराकमध्ये रस्त्यात पेरलेल्या बॉम्बनी अमेरिकेची इतकी माणसं गेली की २००७ पासून त्यांनी एमआरएपी नावाच्या अजस्र चिलखती गाड्या हजारोंनी घेतल्या. जीव वाचले, खरंच वाचले. पण त्याच गाड्या अफगाणिस्तानच्या डोंगरी वाटांवर मावेनात, कलंडायला लागल्या, मग २००९ ला त्यातल्या त्यात हलकी आवृत्ती काढावी लागली. आणि गाडी रस्त्यावरच चालणार असेल तर बॉम्ब पेरणाऱ्याला कुठे पेरायचा ते आपणच सांगितल्यासारखं आहे.

बग्गीवाला हिशोब उलटा करतो. रस्ता सोडून जाईन, तुला माहीत नाही तिथून येईन, दोन डोंगर अलीकडे गाडी लपवून पायी जाईन. त्याची गाडी लढायला नाहीच, पोचायला आहे. पायी चालणारा जवान पाठीवर तीस-चाळीस किलो घेऊन रात्रभर चालला की पोचेपर्यंत अर्धमेला होतो, तोच माणूस ताजातवाना पोचवायचा, एवढंच काम. तुलना करायची तर रणगाड्याशी करूच नका, बुटाशी करा.

आणि ती उडते. एमआरझेडआर ऑस्प्रे विमानाच्या पोटात मावते, चिनूक हेलिकॉप्टरमध्ये तर आरामात. चौदा टनांचं धूड साध्या हेलिकॉप्टरला कसं लटकवणार?

मग हिच्यावर मिसाइल लावून रणगाडे का नाही उडवायचे?

हा मोह प्रत्येक सैन्याला होतो, आणि आपल्याला तर जास्तच, कारण आपल्या डोळ्यासमोर अब्दुल हमीद आहेत. १९६५, असल उत्तर, खेमकरणजवळ. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे उडवले (रिकॉइललेस म्हणजे गोळा पुढे जाताना तेवढाच झोत मागे सोडायचा, म्हणजे गाडीला धक्का बसत नाही, म्हणून एवढ्या हलक्या गाडीवरही ती बसते). पण त्यांनी ते कसं केलं ते बघा, उंच पिकाच्या आडोशाने, दबा धरून, मारला की जागा बदल. आणि शेवटी एका रणगाड्याने त्यांना हेरलंच, समोरासमोर झालं, आणि जीपला चिलखत नव्हतं. परमवीर चक्र मरणोत्तर आहे.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतल्या चाडचं, १९८७. लिबियाकडे रशियन रणगाडे, चाडकडे टोयोटा पिकअप आणि त्यावर फ्रेंच मिलान क्षेपणास्त्रं. फादाच्या लढाईत लिबियाचे नव्वदच्या वर टी-५५ गेले आणि चाडच्या तीन टोयोटा, असे आकडे दिले जातात. त्या सगळ्या युद्धाचं नावच टोयोटा युद्ध पडलं. सुरुंगावरून ताशी शंभरने गाडी नेली तर सुरुंग मागे फुटतो अशी पण एक गोष्ट त्यातलीच, मी काही करून बघणार नाही.

हे वाचलं की वाटतं रणगाडे बंद करा, टोयोटा घ्या. पण लिबियाचे रणगाडे उघड्यावर एका जागी बसले होते, बाजूला पायदळ नाही, टेहळणी नाही, आणि समोरचे चाडवाले ते वाळवंट ओळखणारे. जिथे समोरचा जागा असतो तिथे हे चालत नाही. अमेरिकेनेही ८० च्या दशकात फोर्ट लुइसच्या नवव्या डिव्हिजनमध्ये बग्गीवर टो क्षेपणास्त्र लावून बघितलं. ते क्षेपणास्त्र तारेने चालवावं लागतं, लक्ष्याला लागेपर्यंत गाडी एका जागी उभी हवी, म्हणजे जिचा सगळा भरवसा पळण्यावर तिला ऐन वेळी उभं करून ठेवायचं. शेवटी तिथे हम्वी, म्हणजे मोठ्या लष्करी जीप, आल्या.

आता ड्रोन आले, संपलंच ना हे मग?

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुतिन यांना चिनी बनावटीच्या डेझर्टक्रॉस नावाच्या छोट्या गाड्या दाखवतानाचे व्हिडिओ आले, दोन हजारांच्या वर घ्यायच्या होत्या. पत्रकारांनी ‘गोल्फ कार्ट’ म्हणून चेष्टा केली. पण युक्रेनमध्ये दोन्हीकडचे लोक अशा गाड्या वापरतात, त्याला कारण आहे. एफपीव्ही ड्रोन, म्हणजे चष्मा लावून जणू आत बसल्यासारखं उडवायचं स्फोटकवालं ड्रोन, ते अगदी स्वस्त सुट्या भागांपासून जोडता येतं आणि कोटींचा रणगाडा निकामी करतं. तेव्हा मोठ्ठी चिलखती गाडी आघाडीजवळ दिसली रे दिसली की दहा ड्रोन तिच्यावर. मग शेवटचे चार-पाच किलोमीटर रसद, पाणी, जखमी माणसं न्यायची कशी? तर छोट्या गाडीने, पटकन.

इथे एक गैरसमज असतो की बग्गी ड्रोनच्या पुढे पळते. नाही पळत. ड्रोन ताशी शंभरच्या पुढे जातं, बग्गी खाचखळग्यातून चाळीस-पन्नास. फरक पडतो तो वेळेचा. हायवे ओलांडताना आपण रस्त्यावर जितके सेकंद कमी तितकं बरं, तसं. आणि छप्पर-दार नसल्याचा उलटा फायदा पण आहे, वर काही घोंघावलं तर दिसतं नि कळतं, आणि उडी मारून खड्ड्यात जाता येतं, बंद डब्यात हे काही कळत नाही.

पण याच गाड्यांवर, मोटरसायकलींवर माणसं बसवून दिवसाढवळ्या थेट खंदकावर हल्ला करायला पाठवतात तेव्हा त्याचे व्हिडिओ बघवत नाहीत. शिवाय जोरात पळणारी बग्गी मागे धुळीचा लोट सोडते, तो मैलभरावरून दिसतो. बॅग्नोल्डचे लोक विमानाचा आवाज आला की पळायचे नाहीत, उलट जागच्या जागी थांबायचे, कारण वरून गाडी दिसत नाही, हालचाल नि धूळ दिसते. एसएएसने तर १९६८ साली आपल्या ७२ लँड रोव्हर चक्क गुलाबी रंगवल्या, पहाटे नि संध्याकाळी वाळवंटात तो रंग मिसळून जातो म्हणून. आज वरून बघणारा कॅमेरा उष्णता बघतो, गुलाबी रंगाचं त्याला काय.

आपल्याकडे जिप्सी होती की, ती काय वाईट?

अजिबात वाईट नव्हती, आणि माझ्या मते आपल्या सैन्याला हलक्या गाडीचं महत्त्व जिप्सीनेच शिकवलं. टनभराच्या आसपास वजन, कापडी छप्पर, कुठेही चढणार, बिघडली तर कुठलाही मेकॅनिक उघडणार. पण ती मुळात सर्वसाधारण वापराची जीप. कच्छच्या रणात सीमेवर एकीकडे मीठ, खाली चिखल, वर पापुद्रा, आणि लडाखमध्ये दगड-वाळू नि विरळ हवा, तिथे मग पोलारिससारख्या (ही अमेरिकी कंपनी) बग्ग्या आल्या. परेडमध्ये चेतकबरोबरच दिसलेली कपिध्वज त्याच्याही पुढची, जवळजवळ माणसाच्या उंचीची फुगीर चाकं, त्यात हवा अगदी नावापुरती, पाण्यावर तरंगते पण. कोकणातल्या त्या पोराची काडी आठवा, तेच तत्त्व, फक्त टायर डोंगराएवढा.

नाजूकपणा मात्र आहे. यातल्या बऱ्याच गाड्यांत स्कूटरसारखा बेल्ट असतो, गिअर बदलायला नको. ॲक्टिव्हाचा बेल्ट गेला की काय होतं ते माहीतच आहे, इंजिन बोंबलतं, गाडी हलत नाही. मऊ वाळूत सारखी रेस देत राहिलं की तो तापतो नि तुटतो. म्हणून अशी गाडी एकटी पाठवत नाहीत, जोडीने जातात, एक बसली तर दुसरी ओढते किंवा माणसं उचलून आणते. बाबांना हे सांगितलं, तर म्हणाले म्हणजे दुसरी गाडी हीच स्टेपनी.

आणि किती लांब जाणार ही?

इथपर्यंत वाचून तुम्हाला गनिमी कावा आठवला असणार, मलाही आठवला, हलकं घोडदळ, जड मोगली छावणी वगैरे. बरंचसं जुळतंही. पण एका ठिकाणी मोठा फरक आहे, तो म्हणजे शिलेदाराचा घोडा वाटेत चरायचा. रानात गवत असायचं, नदीला पाणी असायचं. बग्गीला वाळवंटात चरायला काही नाही, तिचं गवत नि पाणी तिनेच पाठीवर न्यायचं, आणि ते नेलं की तिचं हलकेपण गेलं. लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने यावर आधीच फेऱ्या मारून वाळूत पेट्रोल नि रेशनचे साठे पुरून ठेवायची पद्धत काढली, म्हणून ट्रक घेऊनही ते आठवडेच्या आठवडे आत राहायचे.

अमेरिकेने २०२० मध्ये जनरल मोटर्सला ६४९ नव्या गाड्यांची ऑर्डर दिली, इन्फंट्री स्क्वाड व्हेइकल. शेवरलेटच्या कोलोरॅडो पिकअपवर बेतलेली, नव्वद टक्के भाग बाजारात मिळणारे, नऊ जवान बसतात, वजन सव्वादोन टनांच्या आसपास, चिलखत शून्य, ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला खाली लटकवून नेता येते. चाचणी घेणाऱ्या त्यांच्याच खात्याने लिहिलं की गाडी चांगली पळते, पण नऊ माणसांचं तीन दिवसांचं सामान, अन्न, पाणी, सगळं धरून यात मावत नाही, आणि बसल्या जागी बंदूक पटकन हाताला येत नाही. तरी २०२३ मध्ये पूर्ण उत्पादनाला मंजुरी मिळाली. आता तिचे फोटो बघा, पिंजऱ्याच्या पाइपांना बाहेरून चारी बाजूंनी सॅक लटकवलेल्या असतात, गणपतीत कोकणात निघालेल्या गाडीसारख्या, आणि मधल्या फटीतून नऊ हेल्मेट दिसतात.